जपानला इंग्रजी शिकवायला जायचंय? मुलाखतीच्या आधी हिशोब मांडा



दौंडहून एका ताईंचा फोन आला होता. घरातच पहिली ते सातवीचे इंग्रजीचे क्लास घेतात. वीस-बावीस मुलं आहेत, महिन्याला बऱ्यापैकी पैसे सुटतात. म्हणाल्या, "सर, जपानला इंग्रजी शिकवायला माणसं घेतात म्हणे. एक जण मुलाखतीची तयारी करून देतो, सगळं मिळून दीड लाख मागतोय. गंठण गहाण ठेवू का?"

मी विचारलं, "ताई, तुमची शाळा कोणत्या माध्यमाची?"

"मराठी. झेडपीची."

तिथेच मी म्हणालो, गंठण आधी कपाटात ठेवा, मग बोलू.

शिरूर-दौंड भागातून असे फोन वाढलेत, म्हणून आजचा विषय हाच. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. परदेशातल्या नोकरीची मुलाखत हाही एक सौदा आहे. आपण दुकान टाकताना आधी गाळा, परवाना, गिऱ्हाईक बघतो आणि मग फर्निचरला हात घालतो. इथे मात्र लोक आधी फर्निचर घेतात, म्हणजे सूट शिवतात, कोर्सची फी भरतात, आणि आपण पात्र आहोत का हे शेवटी विचारतात.

पहिला हिशोब: बारा वर्षं

जपानच्या शाळेत परदेशी माणसाला भाषा शिकवायची असेल, तर 'इन्स्ट्रक्टर' नावाचा व्हिसा लागतो. त्यात पदवी लागतेच, शिवाय जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. 'त्या भाषेतून' हे शब्द नीट वाचा. इंग्रजी हा विषय होता, एवढं पुरत नाही. खाजगी संभाषण-क्लासवाल्या कंपन्यांचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो, पण त्यांच्याही जाहिरातीत बहुतेक वेळा हीच अट दिसते.

आता कागद-पेन घ्या. पहिलीपासून बारावीपर्यंत इंग्रजी माध्यम असेल तर १२ झाली. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी असेल तर बारावीपर्यंत ८, वर पदवीची ३, म्हणजे ११. एक वर्ष कमी पडलं! एमए इंग्रजीतून केलं असेल तर १३. आणि दहावीपर्यंत मराठी, पुढे अकरावीपासून एमएस्सीपर्यंत सगळं इंग्रजीतून, तरी २ अधिक ३ अधिक २, म्हणजे ७. सेमी इंग्लिशवाल्यांनी तर फार भरवशावर राहू नये. शेवटचा निर्णय जपानच्या इमिग्रेशनचा असतो, आणि तो कागद बघून होतो. शाळेकडून आणि कॉलेजकडून माध्यमाचा दाखला आधी हातात घ्या, मुलाखतीचं नंतर बघू.

कडू वाटेल, पण दीड लाख गेल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

दुसरा हिशोब: पैसे कोण कोणाला देतं?

जपान सरकारचा 'जेट' हा कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्यात परदेशी तरुण तिथल्या शाळांत सहायक भाषा शिक्षक म्हणून जातात. भरती त्या-त्या देशातल्या जपानी दूतावासामार्फत होते आणि अर्जाला फी नसते. दुसरा रस्ता म्हणजे शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या कंपन्या आणि तिसरा खाजगी क्लास. या तिन्ही ठिकाणी पगार तुम्हाला मिळायचा आहे. त्यामुळे मुलाखतीआधीच कुणी लाखात पैसे मागत असेल, तर त्याच्या धंद्यात गिऱ्हाईक तुम्ही आहात, जपान नव्हे.

एजंटकडून जायचंच असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, ते मोबाईलवर पाच मिनिटांत बघता येतं. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, त्याचीही पावती द्यावी लागते. "पावती नंतर देतो" म्हटलं की चहा संपवा आणि उठा.

आणि कंपनी जपानी आहे म्हणजे सगळं पक्कं, असंही समजू नका. नोव्हा ही तिथली इंग्रजी क्लासची सगळ्यात मोठी साखळी २००७ मध्ये बुडाली आणि हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले. म्हणून मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा: करार किती महिन्यांचा? सुट्टीच्या महिन्यात पगार पूर्ण मिळतो का? घरभाडं कोण भरणार? असं विचारल्याने कुणी नाराज होत नाही. उलट माणूस जबाबदार आहे, हे कळतं.

हिशोब जुळला? मग तयारी अशी करा

आता जे पात्र आहेत त्यांच्यासाठी. इंग्रजी माध्यमात शिकलेली बरीच मुलं-मुली आता आपल्याकडेही आहेत. त्यांनी शिरूरचे म्हणून कमीपणा घेऊ नये.

तिथे काम काय असतं, ते आधी समजून घ्या. जपानमध्ये २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि तिसरी-चौथीला इंग्रजीची ओळख करून देतात. म्हणजे समोर लहान मुलं आहेत. त्यांना तुमचं अवघड इंग्रजी नको, सोपं, सावकाश आणि हसतमुख इंग्रजी हवंय. मुलाखतीत बहुतेक ठिकाणी छोटा डेमो घ्यायला लावतात. आपली माणसं इथेच मार खातात. उभं राहून व्याकरणावर भाषण देतात! त्याऐवजी बाजारातली चार फळं किंवा रंगीत कार्डं घ्या. एक शब्द दाखवा, तीनदा म्हणवून घ्या, मग खेळ लावा. दहा मिनिटांत सात मिनिटं मुलं बोलली पाहिजेत आणि तीन मिनिटं तुम्ही.

जपानी मुलांना 'ल' आणि 'र' वेगळे ऐकायलाच अवघड जातात, कारण त्यांच्या भाषेत हा फरक नाही. आपल्याकडे दोन्ही अक्षरं आहेत, जीभ कुठे लागते ते आपण सहज दाखवू शकतो. डेमोत याचा उपयोग करा. आपली चूक मात्र 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकसारखे म्हणण्याची असते. ती घरच्या आरशासमोर आधी सुधारा.

एक प्रश्न हमखास पडतो: "वर्गात जपानी शिक्षकाने इंग्रजीत चूक केली तर काय कराल?" लगेच सुधारतो, असं सांगणारा घरी जातो. मुलांसमोर त्यांचा मान राखायचा आणि तास संपल्यावर हळूच बोलायचं, हे उत्तर त्यांना हवं असतं. तुम्ही सहायक आहात, मुख्य शिक्षक ते आहेत.

"जपानच का?" याला कार्टूनच्या गप्पा नकोत. आणि "गावाकडे पोस्टिंग चालेल का?" हा प्रश्न आला तर खूश व्हा. पुष्कळ जागा लहान गावांतच असतात. मोठ्या शहरातला उमेदवार तिथे अडखळतो. तुम्ही सांगा, मी घोडनदीचा आहे, तासाला एक एसटी असलेल्या गावात वाढलोय. गाडी चालवता येत असेल तेही सांगा, तिथेही गाड्या डाव्या बाजूनेच चालतात.

शेवटची गोष्ट वेळेची. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसहा. त्या वेळी लाईट आणि नेट असेल का, हे आदल्या आठवड्यात त्याच वेळेला तपासा. मोबाईल हॉटस्पॉट भरून ठेवा. पंधरा मिनिटं आधी बसा. दौंडची लोकं गाडीच्या वेळेवर जगतात, त्यांना हे काय शिकवायचं!

आणि हिशोब नाही जुळला तर?

त्या ताईंना मी काय सांगितलं ते सांगतो. रस्ता एकच नसतो. मराठी माध्यमाच्या माणसाला इंग्रजी विकायला जपान अवघड आहे, पण जपानी भाषा शिकायला कुणी माध्यम विचारत नाही. रानडे इन्स्टिट्यूट पुण्यात आहे, दौंडहून रेल्वेने जाता येतं. जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये पुण्यातच होते, एन-५ पासून एन-१ पर्यंत. जपानने २०१९ मध्ये 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसा सुरू केला आणि २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला. त्यात साधारण एन-४ एवढी भाषा आणि कामाची परीक्षा लागते.

योगेंद्र पुराणिक यांचं नाव ऐकलं असेल. पुण्यात शिकलेला हा मराठी माणूस २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा भागातून नगरसेवक म्हणून निवडून आला आणि पुढे जपानमधल्याच एका सरकारी हायस्कूलचा प्राचार्य झाला. त्यांचा पाया जपानी भाषेचा होता.

आणि समजा जायचंच नसेल, तरी ही तयारी वाया जात नाही. दहा मिनिटांत मुलांना बोलतं करण्याची पद्धत दौंडच्या क्लासलाही लागते. ताईंनी तोच फळांचा डेमो आपल्या क्लासवर करून बघितला. परवा सांगत होत्या, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने ओरडत होता.

गंठण अजून कपाटातच आहे. तुमचंही तिथेच राहू द्या. आज रात्री फक्त एक करा: पहिलीपासूनची वर्षं आणि माध्यम एका कागदावर लिहून काढा. बेरीज बारा आली तर डेमोला लागा. नाही आली तरी घाबरू नका, दुसरा रस्ता धरा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.