पेटी आणि मतपेटी

निवडणूक संपली की फलक उतरतात, ध्वनिक्षेपक थंडावतात, उमेदवारांच्या गाड्यांनी उडवलेली धूळ खाली बसते. माणसामाणसांत उठलेली धूळ मात्र बसत नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गावोगावी भजनी मंडळे आहेत, वाचनालये आहेत, हौशी नाट्यसंस्था आहेत, संध्याकाळी मैदानावर जमणारे क्रिकेटचे संघ आहेत, पारावर बुद्धिबळाचा पट मांडून बसणारी मंडळी आहेत. यांना एकत्र आणणारा धागा आवडीचा. ही सारी समतेची तीर्थक्षेत्रे आहेत असा भाबडा समज करून घेण्याचे कारण नाही. कित्येक गावांत वस्तीगणिक भजन वेगळे असते. तरीही जात, धंदा आणि पक्ष न विचारता माणूस माणसाशेजारी बसू शकेल अशा ज्या मोजक्या जागा ग्रामीण समाजात आहेत, त्यांत यांची गणना करावी लागते. प्रचाराच्या हंगामात नेमक्या याच जागा दुभंगतात. पखवाजवाला पेटीवाल्याशी बोलेनासा होतो, तालमीला निम्मी माणसे येतात, आणि पुढच्या एकादशीला गावात दोन ठिकाणी भजन उभे राहते.

या दुभंगाची किंमत कोण मोजतो, हे नांदेड जिल्ह्याने २०२४ साली लख्ख दाखवून दिले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे प्रतापराव पाटील चिखलीकर यांनी काँग्रेसचे अशोक चव्हाण यांचा पराभव केला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत अशोक चव्हाण स्वतःच भारतीय जनता पक्षात गेले आणि ज्यांनी आपल्याला हरवले त्याच चिखलीकरांच्या प्रचारासाठी उभे राहिले. काँग्रेसच्या वसंतराव चव्हाणांनी चिखलीकरांना हरवले. पुढे सहा महिने उलटण्याच्या आत तेच चिखलीकर अजित पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे लोह्यातून विधानसभेवर निवडून आले. वसंतरावांचे ऑगस्टमध्ये निधन झाल्यामुळे नोव्हेंबरात लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण अवघ्या १,४५७ मतांनी विजयी झाले. शेजारच्या लातूर शहरात काँग्रेसचे ज्येष्ठ नेते शिवराज पाटील चाकूरकर यांच्या स्नुषा अर्चना पाटील भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून काँग्रेसच्या अमित देशमुखांविरुद्ध उभ्या राहिल्या. या उलथापालथीवर नैतिक टीका पुष्कळ झाली. येथे प्रश्न वेगळा आहे. २०१९ साली एका नेत्याच्या बाजूने शेजाऱ्याशी वैर धरलेल्या कार्यकर्त्याला पाच वर्षांनी तो नेता वैऱ्याच्याच मंचावर हार घेताना दिसला. नेत्यांना समेटाला एक पत्रकार परिषद पुरली. गावातल्या दोन माणसांना समेटासाठी ना मंच मिळाला, ना निमित्त. त्यांचे मंडळ मोडले ते मोडलेच.

अशा वेळी शहाणी माणसे एक उपाय सुचवतात: मंडळात राजकारण आणू नका. या उपायामागची कळकळ खोटी नाही. दिवसभर शेतात, कारखान्यात किंवा दुकानात राबलेल्या माणसाला घटकाभर विसावा हवा असतो, आणि तो त्याचा हक्क आहे. आठ तासांच्या कामाची मागणी करणाऱ्या कामगार चळवळीने विश्रांती आणि करमणूक यांसाठीही वेळ मागितला होता, हे समाजवाद्यांना तरी सांगावे लागू नये. भजनाच्या मध्येच कोणी उमेदवाराचे गुणगान सुरू केले तर त्याला थांबवणे म्हणजे विचारस्वातंत्र्याची गळचेपी नव्हे.

परंतु ‘राजकारण नको’ हा नियम मराठवाड्याच्या भूमीत उच्चारताना थोडा इतिहास आठवला पाहिजे. निजामाच्या राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने जाहीर सभांवर पूर्वपरवानगीचे जोखड लादले होते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. उघड राजकारणाचे दरवाजे बंद असलेल्या त्या काळात वाचनालये, शाळा, गणेशोत्सवातले मेळे आणि साहित्यविषयक मेळावे यांनीच लोकांना विचार करायला आणि एकमेकांशी बोलायला शिकवले. स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रहाच्या मैदानात उतरण्यापूर्वी शाळेत शिकवत होते, आणि हैदराबाद मुक्त झाल्यानंतर १९५० साली त्यांच्याच पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. म्हणजे या प्रदेशात आवडीच्या मंडळांनीच राजकीय जाणीव जोपासली. येथे राजकारणबंदीचा नियम सत्ताधाऱ्यांनी केला होता, आणि तो मोडणाऱ्यांना आज स्वातंत्र्यसैनिक म्हणतात.

दुसरे असे की हा नियम सर्वांना सारखा लागू होत नाही. मंडळाच्या वार्षिक समारंभाला मंत्री आले, त्यांनी आपल्या सरकारची कामे सांगितली, तर ते ‘मार्गदर्शन’ ठरते. त्याच समारंभात एखाद्या सभासदाने सोयाबीनच्या भावाचा किंवा रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीचा प्रश्न काढला, तर ते ‘राजकारण’ ठरते. १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणीच्या ऐन भरात, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली. साहित्याच्या मांडवात राजकारण आणल्याचा आक्षेप तेव्हाही घेता आला असता. पण मंत्र्याची उपस्थिती जर राजकारण नसेल, तर लेखिकेचा निषेध तेवढा राजकारण कसा होतो? २०२२ च्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन ही दोन्ही भरली. एकाच गावात दोन मांडव पडले, पण दोन्हीकडच्यांनी आपण वेगळे का आहोत हे उघडपणे सांगितले. रसिकांना दोन्हीकडे जाण्याची मोकळीक होती. तो मतभेद होता. त्याने कोणाचे मंडळ आतून पोखरले नाही.

तेव्हा भेद करायचा तो राजकारण आणि अराजकारण यांत नव्हे. तो विचार आणि विनियोग यांत केला पाहिजे. माणूस आपले मत घेऊन मंडळात येतो, ते मत तो उंबऱ्याबाहेर चपलांसारखे काढून ठेवू शकत नाही. पण मंडळच उचलून एखाद्या उमेदवाराच्या पदरात टाकणे ही निराळी गोष्ट आहे, आणि निवडणुकीच्या दिवसांत घडते ती हीच. उमेदवार पेटी देतो, पखवाज देतो, क्रिकेटच्या संघाला टोपीपासून बॅटीपर्यंत सारे साहित्य देतो, आपल्या नावाचा चषक ठेवतो. देणगी स्वीकारणारे दोघेतिघे असतात. बांधले जातात ते पन्नास. मग प्रचारफेरीत टाळमृदंगासह मंडळ हजर हवे, अशी अपेक्षा येते. जो येत नाही तो कृतघ्न ठरतो, जो येतो तो विकला गेलेला ठरतो. भांडण दिसायला पक्षाचे दिसते. मुळाशी असतो तो पेटीवरचा अदृश्य शिक्का. मतासाठी दिलेली वस्तू ही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार मानली आहे, परंतु पेटी निवडणूक जाहीर होण्याच्या चार महिने आधी आली तर कायद्याला ती सहसा दिसत नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले. सार्वजनिक पैसा नियमाने आणि अर्ज करून मिळत असेल तर तो नागरिकाचा अधिकार आहे. मात्र त्याचेही श्रेय कोणा एका पुढाऱ्याच्या छायाचित्राखाली वाटले जाणार नाही, याची काळजी मंडळांनाच घ्यावी लागेल.

याहून कठीण प्रश्न जातीचा आहे. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला. जून २०२४ मध्ये त्याच जिल्ह्यात वडीगोद्री येथे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णय निघाला. या काळात मराठवाड्यातल्या प्रत्येक पारावर हाच विषय होता. पखवाजावर मराठा आणि टाळ धरायला धनगर, वंजारी किंवा माळी असेल, तर त्यांनी याविषयी बोलूच नये असे सांगणे म्हणजे दोघांनाही आपापल्या जातीच्या सभेत पाठवून देणे होय. तेथे त्यांना टाळ्या मिळतील, उत्तर मिळणार नाही. ज्याच्याबरोबर वीस वर्षे हरिपाठ म्हटला, त्याच्या मुलाला नोकरी नाही आणि आपल्याही मुलाला नाही, ही गोष्ट कळायची तर ती समोरासमोर बसूनच कळेल. पाणी आटलेली विहीर आणि कर्जाची थकबाकी जात पाहून येत नाही, हे भाषणात सांगून पटत नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकले की पटते.

असे बोलणे शक्य असते, याचे उदाहरण नांदेडातच आहे. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले नरहर कुरुंदकर स्वतः नास्तिक होते. पण मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत परंपरेचा त्यांनी परंपरावाद्यांपेक्षा अधिक कसून अभ्यास केला. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याहून नेटके मांडायचे आणि मग त्याचा प्रतिवाद करायचा, ही त्यांची रीत होती. १९८२ साली त्यांचे निधन झाले. ती रीत कालबाह्य होण्याचे काही कारण नव्हते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचेही असेच. त्याने आपला विचार कधी लपवला नाही. पाहायला येणाऱ्याला कलापथक कोणाचे हे ठाऊक असे, आणि पटले नाही तर उठून जाण्याची त्याला मोकळीक असे. आपल्या नावाने उभे राहून मत मांडणे यात प्रामाणिकपणा आहे. दुसऱ्यांनी घाम गाळून उभारलेल्या मंडळावर आपले चिन्ह चिकटवणे यात तो नाही.

म्हणून मंडळांनी स्वतःसाठी काही साधे दंडक घालून घ्यावेत. सभासदाला स्वतःच्या नावाने कोणत्याही पक्षाचा प्रचार करण्याची पूर्ण मुभा असावी; मंडळाचे नाव, वाद्ये, फलक आणि निधी मात्र कोणत्याही उमेदवारासाठी वापरला जाऊ नये. देणगी कोणाचीही असो, तिची नोंद सर्वांसमोर वाचली जावी आणि सभासदांच्या बहुमताशिवाय ती स्वीकारली जाऊ नये. सरावाच्या वेळी सराव व्हावा. चर्चा सराव आटोपल्यावर व्हावी, आणि ती प्रश्नांवर व्हावी. कोण कोणत्या जातीचा म्हणून कोणाचा, हा शोध तेथे निषिद्ध असावा. पाच रुपयांची का होईना, वर्गणी सर्वांनी द्यावी. कारण ज्या मंडळाची पेटी स्वतःच्या वर्गणीतून आली, त्याला कोणी सूर सांगू शकत नाही.

यात पक्षकार्यकर्त्यांवर अधिक जबाबदारी येते, आणि पुरोगामी म्हणवणारे कार्यकर्तेही या दोषातून मुक्त नाहीत. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आपला माणूस बसला की काम झाले, असे मानण्याची सवय डाव्यांनाही लागलेली आहे. १९७७ साली नांदेडमधून केशवराव धोंडगे आणि लातूरमधून उद्धवराव पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे दोन्ही नेते लोकसभेवर गेले. आणीबाणीने भयभीत झालेल्या मतदाराने तेव्हा जो निर्णय दिला, त्यामागे कोणी वाटलेल्या पेट्या नव्हत्या. दबलेल्या आवाजात, विश्वासाच्या माणसांत झालेले बोलणे त्यामागे होते. विश्वासाची ती जागा शाबूत असेल तरच उद्या संकटाच्या वेळी लोक एकमेकांशी बोलतील. एका प्रभागाच्या किंवा एका गटाच्या विजयासाठी ती मोडून टाकणारा कार्यकर्ता आपल्याच पायाखालची जमीन खणत असतो.

पुढच्या निवडणुकीत नेते कोणत्या पक्षात असतील, हे आज सांगता येत नाही. गावात कोणाच्या घरी मयत झाली तर रात्रभर भजनाला कोण बसणार, हे मात्र आज ठरवता येते.