माहितीचा महामार्ग आणि घरापर्यंतचे अंतर

वाशिम जिल्ह्यातील जऊळका गाव अकोला-पूर्णा लोहमार्गावर वसलेले आहे. हा मार्ग २००८ साली रुंद झाला. माहितीचा महामार्ग मात्र अशा गावांतील घराघरांत सहजी पोहोचला नाही, आणि याला केवळ अनास्था कारणीभूत नव्हती.

दूरध्वनी केंद्रापासून निघालेल्या तांब्याच्या तारेवरून साधे बोलणे बरेच दूर ऐकू जाते. डिजिटल सेवेच्या उच्च वारंवारितेच्या लहरी मात्र त्याच तारेत झपाट्याने क्षीण होतात. सुमारे पाच किलोमीटरपलीकडे ब्रॉडबँड मिळणे दुरापास्त होते. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट हा वेग ठरविला. शहरात केंद्र जवळ असल्याने तो मिळू शकला. शेतातील वस्तीच्या बाबतीत अंतरच आडवे आले.

प्रकाशतंतूची केबल हा त्यावरील उपाय. तिच्यातून संदेश वीस किलोमीटरपर्यंत मध्ये कोठेही बळ न देता जातो. २०११ साली केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना अशा केबलने जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे 'भारतनेट' झाली. परंतु ध्येय ग्रामपंचायतीच्या दारापाशीच थांबले. कार्यालयाला कुलूप लागल्यावर विद्यार्थ्याने अभ्यास कोठे करावा? ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात प्रथमच दीड कोटी ग्रामीण घरांच्या जोडणीचे उद्दिष्ट आले. उशिरा का होईना, हे योग्यच झाले.

ख्रिस्तसभेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. परमपीठाच्या सामाजिक संपर्क परिषदेने फेब्रुवारी २००२ मध्ये इंटरनेटमधील नीतिमत्तेवर प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात श्रीमंत व गरीब यांच्यातील 'डिजिटल दरी'विषयी इशारा दिला होता. २०२० च्या टाळेबंदीत मिस्साही पडद्यावर आली, तेव्हा त्या दरीचा अर्थ सर्वांना उमगला. वाशिम जिल्हा समाविष्ट असलेल्या अमरावती धर्मप्रांतासारख्या विस्तीर्ण प्रदेशात तर धर्मगुरू आणि कुटुंब यांच्यातच कित्येक किलोमीटरचे अंतर असते.

भारतनेटचा पैसा दूरसंचार कंपन्यांकडून घेतल्या जाणाऱ्या आकारणीतून, म्हणजे अप्रत्यक्षपणे आपल्याच देयकांतून उभा राहतो. म्हणून ग्रामसभेत दोन गोष्टी विचारणे आपला हक्क आहे: पंचायतीतील जोडणी प्रत्यक्ष चालू आहे काय, आणि केबल तुटल्यास ती दुरुस्त करणारा कर्मचारी तालुक्यात उपलब्ध आहे काय?