आरएनए सिक्वेन्सिंगचा कोड एआय लिहील. पण चूक कोण पकडणार?

कॅन्सरच्या गाठीचा छोटासा तुकडा प्रयोगशाळेत जातो. बरीच प्रक्रिया झाल्यावर संगणकाच्या पडद्यावर एक तक्ता उमटतो. त्यात सुमारे २० हजार ओळी असतात. प्रत्येक ओळीत एका जनुकाचं नाव आणि त्यापुढे आकडे. कोणतं औषध लागू पडेल, आजार किती वेगाने वाढेल, याचे संकेत या आकड्यांमध्ये दडलेले असू शकतात.

हा तक्ता तयार करणं आणि त्याचा अर्थ लावणं हे बायोइन्फॉर्मॅटिक्स शास्त्रज्ञाचं काम. गेल्या दोन-तीन वर्षांत चॅटजीपीटीसारखी एआय साधनं या कामाचा कोड काही सेकंदांत लिहून देऊ लागली आहेत. त्यामुळे या विषयाचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना प्रश्न पडलाय : आता या कामाला माणूस लागणार का?

उत्तर शोधण्यासाठी आधी हे काम नेमकं काय आहे आणि ते कुठे चुकतं, हे समजून घेऊया.

आरएनए सिक्वेन्सिंग म्हणजे काय?

आपल्या शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींमध्ये डीएनए सारखाच असतो. तरीही यकृताची पेशी वेगळी आणि मेंदूची वेगळी. कारण प्रत्येक पेशी आपल्याला हवी तेवढीच जनुकं वापरते.

डीएनए म्हणजे घरातली पाककृतींची वही मानली, तर आरएनए म्हणजे आज स्वयंपाकघरात काय काय शिजतंय याची यादी. वही रोज तीच असते, यादी मात्र बदलते. आजारपणात बदलते, औषध घेतल्यावर बदलते.

आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये ही यादी वाचली जाते. पेशींमधला आरएनए वेगळा काढतात, त्याचं डीएनएमध्ये रूपांतर करून लहान तुकडे करतात आणि यंत्र ते तुकडे वाचतं. एका नमुन्यातून सहज दोन-तीन कोटी तुकडे वाचले जातात. २००८ च्या सुमारास ही पद्धत पुढे आली आणि पुढच्या काही वर्षांत जगभर रुळली.

मग शास्त्रज्ञ नेमकं काय करतो?

पहिलं काम म्हणजे वाचलेल्या तुकड्यांचा दर्जा तपासणं. मग प्रत्येक तुकडा कोणत्या जनुकाचा हे शोधायचं आणि मोजायचं. त्यानंतर निरोगी आणि आजारी नमुन्यांमध्ये कोणत्या जनुकांचं प्रमाण खरोखर बदललं, हे संख्याशास्त्राने ठरवायचं.

शेवटची पायरी सर्वांत फसवी. समजा, आजाराचा कोणत्याच जनुकावर काहीही परिणाम झालेला नाही. तरीही २० हजार जनुकं तपासताना प्रत्येक वेळी चुकीची पाच टक्के शक्यता मान्य केली, तर निव्वळ योगायोगाने सुमारे एक हजार जनुकं 'बदललेली' दिसतील. हे टाळण्यासाठी आकड्यांवर दुरुस्ती करावी लागते. ती करणारी डीईसेक२ सारखी सॉफ्टवेअर गेली दहाहून अधिक वर्षं मोफत उपलब्ध आहेत.

म्हणजे एआय येण्याआधीच या कामाची अवजारं फुकट मिळत होती. तरीही चुका होत राहिल्या. कशा, त्याची तीन उदाहरणं पाहूया.

हृदय हृदयासारखं की माणूस माणसासारखा?

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकल्पाने माणूस आणि उंदीर यांच्या अवयवांमधल्या आरएनएची तुलना प्रसिद्ध केली. निष्कर्ष धक्कादायक होता. माणसाचं हृदय उंदराच्या हृदयापेक्षा माणसाच्याच इतर अवयवांशी जास्त जुळतं, असं त्यात दिसत होतं.

२०१५ मध्ये शिकागो विद्यापीठाचे योआव गिलाड आणि त्यांच्या सहकारी ओर्ना मिझराही-मान यांनी हीच माहिती पुन्हा तपासली. कोणता नमुना कोणत्या यंत्रावर, कोणत्या फेरीत वाचला गेला, याच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. माणसाचे आणि उंदराचे बहुतेक नमुने वेगवेगळ्या फेऱ्यांमध्ये वाचले गेले होते. दिसलेला फरक प्राण्यांमधला आहे की फेऱ्यांमधला, हे सांगणंच अवघड होतं. फेऱ्यांचा परिणाम वजा केल्यावर हृदय हृदयाशी जुळू लागलं. मूळ गटाने मात्र आपला निष्कर्ष सोडला नाही.

याला 'बॅच इफेक्ट' म्हणतात. इथे कोड चुकला नव्हता. प्रश्न प्रयोगाच्या आखणीचा होता.

चूक रुग्णापर्यंत पोहोचते तेव्हा

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. ते आरएनए मोजण्याच्या आधीच्या पद्धतीचं, म्हणजे मायक्रोअ‍ॅरेचं आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अनिल पोट्टी आणि सहकाऱ्यांनी दावा केला की, जनुकांच्या आकड्यांवरून कोणत्या रुग्णाला कोणती केमोथेरपी द्यायची हे सांगता येतं. त्यावर आधारित चाचण्या प्रत्यक्ष रुग्णांवर सुरू झाल्या.

एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरचे कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी हे आकडे पुन्हा मांडून पाहिले. जनुकांच्या यादीतली नावं एका ओळीने सरकली होती. काही ठिकाणी औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या नमुन्यांची लेबलं उलटी लागली होती. म्हणजे ज्या रुग्णाला एखादं औषध लागू पडणार नाही, त्यालाच ते दिलं जाण्याचा धोका होता.

२००९ मध्ये त्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केलं. चाचण्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि अखेर २०१० मध्ये बंद झाल्या. शोधनिबंध मागे घेतले गेले. पुढे अमेरिकी सरकारी यंत्रणेने २०१५ मध्ये हे प्रकरण संशोधनातला गैरप्रकार असल्याचं ठरवलं.

तिसरी चूक आपल्यापैकी कुणाच्याही हातून होऊ शकते. सेप्ट१ किंवा मार्च१ अशी काही जनुकांची नावं एक्सेलमध्ये टाकली की त्यांची आपोआप तारीख होते. २०१६ च्या एका अभ्यासात, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या देणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली.

एआयने काय बदललं?

कोड लिहिणं आणि तो दुरुस्त करणं नक्कीच सोपं झालं. ज्यासाठी पूर्वी दिवस जायचा, ते तासाभरात होतं. फक्त ठरलेल्या पायऱ्या चालवण्याचं काम करणाऱ्यांची गरज त्यामुळे कमी होऊ शकते, हे मान्य करायला हवं.

पण सगळे आजारी नमुने सोमवारी आणि सगळे निरोगी नमुने मंगळवारी तपासले असतील, तर? ही माहिती दिली तर एआय धोक्याची सूचना देऊही शकेल. अडचण अशी की, ती माहिती बऱ्याचदा फाइलमध्ये नसतेच. ती प्रयोगशाळेच्या वहीत असते, किंवा नमुना फ्रीजमध्ये ठेवणाऱ्याच्या डोक्यात. ती विचारून घ्यावी लागते. नाहीतर साधन नीटनेटका आलेख आणि चुकीची यादी देऊन मोकळं होतं.

शिवाय नमुने आधीच चुकीच्या पद्धतीने गोळा केले असतील, तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते सावरू शकत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये भारतातल्या पहिल्या सांख्यिकी परिषदेत हाच मुद्दा मांडला होता. प्रयोग संपल्यावर तज्ज्ञाला बोलावलं, तर तो फार तर शवविच्छेदन करू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

भारतासाठी हे महत्त्वाचं का?

बायोटेक्नॉलॉजी विभागाने १९८० च्या दशकातच देशभर बायोइन्फॉर्मॅटिक्स केंद्रांचं जाळं उभारायला सुरुवात केली. पुणे विद्यापीठातलं केंद्र त्यातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. २०२२ मध्ये फरीदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया' प्रकल्पातली १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती तिथून संशोधकांसाठी खुली झाली.

ही माहिती डीएनएची, म्हणजे वहीची आहे. त्यातली कोणती पाककृती कोणत्या आजारात वापरली जाते, हे समजायला आरएनएचा अभ्यास लागेल. त्यात आखणी चुकली, तर भारतीय रुग्णांसाठी म्हणून निघालेले निष्कर्षही चुकतील.

म्हणून या क्षेत्रात जाणाऱ्यांनी कोडिंगइतकाच वेळ संख्याशास्त्र, प्रयोगाची आखणी आणि जीवशास्त्राला द्यायला हवा. संस्थांनीही बायोइन्फॉर्मॅटिक्सच्या माणसाला नमुने वाचून झाल्यावर नव्हे, तर ते गोळा करण्याआधी बैठकीला बोलवायला हवं. ड्यूकच्या प्रकरणातली गडबड नव्या यंत्राने शोधली नव्हती. दोन माणसांनी तोच तक्ता पुन्हा पहिल्यापासून मांडून पाहिला होता. यादी एका ओळीने सरकली आहे का, हे पाहण्याची सवय असलेल्या माणसाची गरज एआयच्या काळातही संपलेली नाही.