अमेरिकेची गाडी क्रॉसिंगला उभी

ज्या देशाने चंद्रावर माणूस उतरवला, तिथली प्रवासी गाडी आजही मालगाडीला वाट देत उभी राहते! अमट्रॅक ही प्रवासी रेल्वे 1971 साली सुरू झाली. परंतु ईशान्य भाग सोडला तर तिच्या वाटेतले बहुतेक रूळ मालवाहू कंपन्यांचे. कायद्याने पहिला मान प्रवाशांचा. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी.

1956 च्या कायद्याने तिथे महामार्ग झाले. अनेक शहरांत ते कृष्णवर्णीय बांधवांच्या वस्त्या फोडूनच गेले. मोटार नसलेल्याने जायचे कसे, हा प्रश्न मागेच राहिला.

वेगवान रेल्वेसाठी लोक झगडतात ते यामुळेही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2008 मध्ये सुमारे 10 अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस 2 तास 40 मिनिटांत, असे कायद्यातच लिहिले. कामाला मात्र 2015 उजाडले. जमिनीची खरेदी, कोर्टकज्जे, आणि पैसा तुटक तुटक! खर्चाचा अंदाज 100 अब्जांपलीकडे गेला. 2025 मध्ये केंद्र सरकारने सुमारे 4 अब्जांची मदत काढून घेतली. ओहायो, विस्कॉन्सिन, फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी तर 2010-11 मध्येच असा पैसा नाकारला होता.

आता पहिला टप्पा फ्रेस्नो, बेकर्सफील्ड या शेतीच्या पट्ट्यात होतो आहे. तिथे द्राक्षे तोडणारे हात बहुतांशी मेक्सिकन मजुरांचे. मोठी शहरे सोडून आधी इथे कशाला, असे टीकाकार हिणवतात.

आम्ही विचारतो, इथे का नको?