यंत्राचा ठेका

गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत याच सदरात मी झांजांविषयी लिहिले होते. यंदा ढोलकीविषयी लिहावे असा मानस होता. परंतु गणेशोत्सवात जो प्रसंग घडला त्याने विषयाला निराळेच वळण दिले. प्रसंग बहुतेक वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेलाच आहे, तरी जे त्या दिवशी नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

आपले ढोलकीवाले काका यंदा बोटांच्या सांध्यांमुळे वाजविण्यास असमर्थ होते. एका सतरा वर्षांच्या मुलाने मोठ्या हौसेने आठ मात्रांचा भजनी ठेका लॅपटॉपवर बांधून आणला. ध्वनी स्वच्छ होता, लय अचूक होती आणि पहिल्या दोन आरत्या होईतो सर्वांस कौतुकच वाटले. पुढे मंडळी रंगात आली, टाळ्या नेहमीप्रमाणे द्रुत होऊ लागल्या आणि यंत्र मात्र आपल्या जागी अढळ राहिले. गाणारे पुढे, ठेका मागे! अखेर एका ज्येष्ठ सभासदांनी उठून तार उपटली. उरलेली आरती टाळ्यांवर झाली. मुलगा प्रसाद न घेताच निघून गेला.

तो राग मला समजतो. माझे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले. आजी सांगे की, त्यांच्या बोचक्यात वाद्य नव्हते. जे होते ते हातांत होते. मिळेल त्या लाकडावर बकऱ्याचे कातडे ताणून त्यांनी तो ठेका पुन्हा उभा केला. तोच पुढे माझ्या आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. एवढ्या सायासाने राखलेली वस्तू एका पेटीच्या हवाली करावी, हे वृद्धांच्या जिवाला लागणारच.

परंतु ज्या देशात आपण राहतो त्याचाही तालाचा इतिहास आपण ध्यानी घेतला पाहिजे. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवीत ते चालून गेले. पुढच्याच वर्षी, १७४० च्या कायद्याने, गुलामांना ढोल व शिंगे बाळगण्यास बंदी झाली. तेव्हा त्यांनी टाळ्या, मांड्या आणि पायांखालची जमीन यांवर ताल धरला. मळ्यावर राबलेल्यांच्या वंशजांना याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. विद्युत् यंत्रांवर वाजणारे आजचे संगीत अमेरिकेत ज्यांनी घडविले, त्यांतील कितीएक याच लोकांचे वंशज होत.

ती यंत्रे १९८० च्या सुमारास आली. कॅलिफोर्नियाच्या रॉजर लिन यांनी त्या साली 'एलएम-१' हे यंत्र काढले. त्यात खऱ्या ढोलांचे आघात मुद्रित करून साठविलेले होते. किंमत सुमारे पाच हजार डॉलर, म्हणजे सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरची. त्याच वर्षी जपानच्या रोलंड कंपनीचे 'टीआर-८०८' निघाले, ते बाराशे डॉलरांच्या आत. यात मुद्रित ढोल नव्हताच. विजेच्या मंडलाला धक्का द्यावयाचा आणि ते घंटेप्रमाणे निनादून विरावयाचे, अशी योजना. त्याचा खोल 'धूम' खऱ्या ढोलासारखा नाही म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली आणि १९८३ पर्यंत उत्पादन थांबलेही. जुनी यंत्रे मग स्वस्तात विकली जाऊ लागली व न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइटच्या तरुणांच्या हाती पडली. मला स्वतःला तो 'धूम' डग्ग्याच्या जवळचा वाटतो. मात्र मनगटाच्या दाबाने डग्गा जसा बोलतो तसे त्याला बोलता येत नाही.

त्या यंत्रावर सोळा कळी एका ओळीत आहेत. त्रितालाच्या मात्राही सोळाच, हा केवळ योगायोग. कळ दाबली की तेथे आघात पडतो, न दाबली तर शांतता. पण आपली खाली म्हणजे शांतता नव्हे. खालीच्या भागात हात चालूच असतो, फक्त डग्ग्याची घुमार काढून घेतलेली असते. हा भेद यंत्राला कोणी तरी शिकवावा लागतो.

आता मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे एक हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. मिनिटास शंभर मात्रांची लय घेतली आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग केले, तर एक भाग दीडशे सहस्रांश सेकंदांचा होतो. यंत्र सर्व भाग समान ठेवते; माणूस ठेवीत नाही. लिन यांनी हे आरंभीच ओळखून आपल्या यंत्रात एक सोय केली: प्रत्येक जोडीतील दुसरा आघात किंचित उशिरा पाडण्याची. समान वाटणी पन्नास टक्के. ती साठ टक्के केली की दुसरा आघात तीस सहस्रांश सेकंद मागे सरकतो. कानाला तो उशीर म्हणून कळत नाही, परंतु मान मात्र डोलू लागते!

डेट्रॉइटचा जेम्स यॅन्सी, ज्याला जग 'जे डिला' म्हणून ओळखते, तो याच्याही पुढे गेला. आघात आपोआप रेषेवर आणून बसविण्याची यंत्रातील सोय तो पुष्कळदा बंद ठेवी आणि बोटांनी जसे पडतील तसेच आघात राहू देई. २००६ साली बत्तिसाव्या वर्षी तो गेला. त्याचे 'एमपीसी' यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेले आहे. ढोल हिरावून घेतलेल्यांच्या वंशजाची ही पेटी राष्ट्रीय ठेव्यात गणली जाते.

आपलेही लोक यात मागे नव्हते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच ८०८ च्या ठेक्यावर दहा राग वाजवून तबकडी काढली. तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झाले. मुंबईत जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले झाकिर हुसेन यांनी २००० च्या सुमारास 'टॅब्ला बीट सायन्स' या संचात विद्युत् ध्वनींबरोबर तबला वाजविला. २०२४ साली ते निवर्तले. यंत्राशेजारी बसल्याने त्यांचा हात बिघडल्याचे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो, कोणास रुचो वा न रुचो. चूक त्या मुलाची नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. चूक आम्हा मोठ्यांची, ज्यांनी पंधरा वर्षांत एकाही मुलाला काकांसमोर बसविले नाही आणि ऐनवेळी पेटी चालेल म्हणून मोकळे झालो. ज्या सभासदांनी तार उपटली त्यांच्या घरीही ढोलकी नाही, आणि माझ्याही घरी नाही.

दिवाळीनंतर मी त्या मुलाला घेऊन काकांकडे गेलो. त्याने ध्वनिग्राहक मांडला. काकांनी दुखऱ्या बोटांनी ठेका धरला, जेमतेम दोन मिनिटे. मग मुलाने पडद्यावर ते आघात दाखविले: कोणताही रेषेवर नव्हता, पण ज्या बाजूस जितका सरकलेला तितकाच प्रत्येक आवर्तनात. मुलगा बराच वेळ पाहत राहिला. काका म्हणाले, "अरे, ते चित्र राहू दे. आधी चाट बघ, उतरली आहे. तो पाना दे इकडे."

तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता तो त्यांच्याकडे जातो. गेल्या महिन्यापासून आणखी दोन मुली येऊ लागल्या आहेत. ढोलकी मात्र एकच आहे. ज्यांच्या माळ्यावर जुनी पडली असेल, तिची पुडी फाटलेली असली तरी, त्यांनी कळवावे.