शेवटच्या कडव्यातली सही : वामनदादा कर्डक

१/ आजच्या धाग्याची सुरुवात माझ्याच एका चुकीने. लघुप्रबंधासाठी आमच्या सुलतानपुरात (ता. लोणार, जि. बुलढाणा) मी भीमगीते ध्वनिमुद्रित करत होतो. एका आजींच्या गीतापुढे मी वहीत लिहिले : ‘पारंपरिक; कवी अज्ञात.’ रात्री ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले, तेव्हा शेवटच्या कडव्यात कवीचे नाव स्पष्ट ऐकू आले : वामन.

२/ हे वामन म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, ता. सिन्नर, जि. नाशिक. बालपणी शाळा लाभली नाही. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले. अक्षरे गिरवली ती तारुण्यात, आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचन पक्के केले. १९४३ मध्ये पहिले गीत लिहिले. पुढे हजारो गीते रचली आणि स्वतः गायिली. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

३/ या गायनामागे मोठी परंपरा उभी आहे. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. त्या विचारातून सत्यशोधक जलसे निघाले. पुढे आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डकांचा जलसा त्यांत विशेष गाजला. वामनदादांनी हाच वारसा गावोगावी नेला.

४/ १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झाले आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत या घटनांचा अर्थ पोहोचला तो मोठ्या प्रमाणावर गीतांतून. म्हणून भीमगीत हे केवळ जयंतीचे गाणे नव्हे. ते इतिहासाचे साधन आहे, असे माझे मत आहे.

५/ आपण अभंगातील ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा आदराने नोंदवतो. मग ‘वामन’ ही नाममुद्रा कानाआड का होते? वामनदादांचा ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३ मध्ये आला, म्हणजे पहिल्या गीतानंतर तीस वर्षांनी. तोवर त्यांच्या गीतांची मालकी सांगणारा मुख्य पुरावा म्हणजे शेवटच्या कडव्यातली ही सही.

६/ अर्थात, नाममुद्रा हा अंतिम पुरावा नव्हे. गाथेत प्रक्षेप होतात, तसे गीतांतही होऊ शकतात. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ यांसारख्या छापील संग्रहांशी पाठ ताडून पाहिला पाहिजे. पण ताडण्याआधी ऐकले तर पाहिजे!

७/ ‘अज्ञात’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः तो निवाडा असतो. ज्या माणसाने कष्टाने अक्षरे मिळवली, त्याचे नाव पदवीपर्यंत शिकलेल्या माझ्या हाताने दोन शब्दांत पुसले होते. साधने मुकी नव्हती, माझी ऐकण्याची घाई होती.

८/ म्हणून एक विनंती. तुमच्या गावातील गाणाऱ्या आजी-आजोबांकडे बसा. गीत अखेरच्या कडव्यापर्यंत ऐका. ते कोणाकडून शिकले, कोणत्या चालीवर, कोणत्या प्रसंगी गायिले, हे लिहून घ्या. गाणाऱ्याची संमती घ्या आणि तिचेही नाव नोंदवा. हे कंठ कायमचे राहणार नाहीत.

९/ माझ्या वहीतील ती ओळ मी खोडली आहे. आता तिथे लिहिले आहे : ‘नाममुद्रा वामन, पाठ ताडणे बाकी.’ जय भीम.