ॲम्ब्युलन्सच्या टॅबमधली वेळ आम्हाला हवी

ॲम्ब्युलन्समध्ये रुग्णाची नोंद कागदाऐवजी टॅबवर किंवा मोबाईलवर करा, असं म्हटलं की चळवळीतलेच काही साथी चिडतात. "वस्तीला धड रस्ता नाही आणि टॅब कसले मिरवता?" त्यांचा राग खरा आहे, पण निष्कर्ष आम्हाला मान्य नाही.

धावत्या गाडीत कागदी फॉर्म भरणं अवघड असतं. नाडी किती, ऑक्सिजन कधी लावला, हे मागाहून आठवून लिहावं लागतं. मोबाईलवरच्या नोंदीत आकड्यासोबत वेळही बसते. कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, वस्तीत कधी पोचली, दवाखान्यात कधी पोचली, सगळं नोंदवता येतं. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येते.

डॉक्टरांसाठी ही सोय आहे. आमच्यासाठी हा पुरावा आहे.

1996 साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणं हा कलम 21 चा भंग आहे. ट्रेनमधून पडलेल्या एका मजुराला कलकत्त्यात एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं होतं. हक्क कागदावर आला. पण आपल्या वस्तीत गाडी उशिरा आली, हे सिद्ध कसं करायचं? रजिस्टर त्यांचं, सही त्यांची. आपली तक्रार मात्र तोंडी.

महाराष्ट्रात 108 सेवा 2014 पासून चालू आहे. गाड्या कंत्राटदार चालवतो, पैसा जनतेचा आहे. म्हणून आमच्या तीन मागण्या :

1. नोंदीची प्रत रुग्णाला किंवा नातेवाइकाला मराठीत, त्याच दिवशी मिळावी.
2. गाव-वस्तीनिहाय पोचण्याच्या वेळा दरमहा जाहीर कराव्यात. माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 अशी माहिती न मागता देण्यासाठीच आहे.
3. नोंदीत जातीचा रकाना नको. रुग्णाचं नाव आणि आजार उपचाराबाहेर कुणाकडेही जाऊ नये.

अधिकारी गोपनीयतेचं कारण पुढे करतील. त्यांना सांगा, आम्ही नावं मागत नाही, वेळा मागतो.

तरुणांनो, मोर्च्याआधी अर्ज टाका. आपल्या वस्तीचे मागच्या सहा महिन्यांतले कॉल आणि गाडी पोचल्याच्या वेळा मागा. शेजारच्या गावठाणाच्याही मागा. दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि मग ग्रामसभेत बोला.

जयभीम!